कला शाखा घेऊन मुलगी काय करणार?

प्रश्न : आम्ही गुहागर तालुक्यातील कुळवाडी. माझे यजमान मुंबईत हमाली करतात, मी आंब्याच्या हंगामात पेट्या भरायला जाते. मुलगी यंदा बारावी झाली. तिला इतिहास आणि राज्यशास्त्र घेऊन बी.ए. करायचे आहे. वाडीतले म्हणतात, गरिबाने आयटीआय नाहीतर नर्सिंग करावे, बी.ए. हे चोचले. आम्ही काय करावे?

उत्तर : ताई, वाडीतल्यांची भीती खोटी नाही. पदवी हातात पडली म्हणून पगार सुरू होत नाही, आणि तीन वर्षे केवळ गाइडे पाठ केली तर तो खरोखरच चोचला ठरतो. तरीही मी मुलीच्या बाजूने आहे, कारण आपली अडचण जशी पैशाची, तशीच ती कागदाचीही आहे. घरचा सातबारा काढून पाहा : कूळ, खंड (म्हणजे कुळाने मालकाला द्यायचा मोबदला) आणि इतर अधिकारांच्या रकान्यात काय लिहिले आहे आणि ते कोणत्या फेरफाराने, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदीने आले, हे समजून घेण्यासाठी आपण आजवर कोणाकोणाच्या ओटीवर जाऊन बसलात?

कोकणातली खोती, म्हणजे कुळांकडून वसुली करणाऱ्या खोतांची जमीनदारी, मोडण्याचे विधेयक १९३७ मध्ये मुंबई विधानसभेत मांडणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मूळचे मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावच्या घराण्यातले. त्यांची पहिली पदवीही बी.ए.चीच होती. शाळेत संस्कृत नाकारले गेल्याने त्यांना फारसी घ्यावी लागली होती, म्हणजे कोणी काय शिकावे हे दुसऱ्यांनीच ठरवण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. खोती कायद्याने गेली ती पुढे १९४९ च्या अधिनियमाने.

व्यवहाराचे थोडक्यात सांगतो. राज्यसेवा परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते, आणि पदवीनंतर तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रमही खुला राहतो. मात्र इंग्रजी आणि संगणक यांची तयारी पहिल्या वर्षापासूनच हवी. महाविद्यालय निवडताना इमारतीपेक्षा ग्रंथालय पाहा. आपल्या प्रवर्गाला लागू असलेल्या शिष्यवृत्तीचा अर्ज राज्य सरकारच्या 'महाडीबीटी' या संकेतस्थळावर भरावा लागतो. त्यासाठीचे जातीचे प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला प्रवेशाच्या गर्दीआधीच काढून ठेवा. उद्या मुलीनेच आयटीआय मागितले असते, तर मी त्यालाही होच म्हटले असते.

प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी एका संध्याकाळी तिच्याकडून तो सातबारा मोठ्याने वाचून घ्या, आणि ज्या शब्दाशी ती अडेल तो वहीत उतरवून ठेवायला सांगा.