घड्याळ म्हणतंय तसं करू का?

या वेळी आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त प्रश्न मनगटाचे आहेत. दुखणाऱ्या मनगटाचे नाही, मनगटावर काय बांधलंय त्याचे. दिवाळीत पोरांनी आईवडलांना स्मार्टवॉच दिली, घड्याळासोबत ॲप आलं, ॲपमध्ये आता एआय कोच पण आलाय आणि तो सकाळी चहाच्या आधीच सल्ले द्यायला लागतो. म्हणून या अंकात गुडघे आणि ॲसिडिटी बाजूला ठेवते. नावं कुणाचीच छापत नाहीये, काळजी करू नका.

प्रश्न (सांगली, वय 66) : डॉक्टर मॅडम, माझी अँजिओप्लास्टी झालीये, मेटोप्रोलॉलची गोळी चालू आहे. मुलगा डॅलसला असतो, त्याने घड्याळ पाठवलं. रोज संध्याकाळी कृष्णेच्या घाटापर्यंत चालत जाऊन येतो. ॲपमधला कोच म्हणतो हार्ट रेट 115 पर्यंत जायला हवा, तुम्ही पुरेशी मेहनत घेत नाही. कितीही भरभर चाललो तरी आकडा 98-100 च्या वर जात नाही. मुलगा पण तिकडून ॲपवर बघतो आणि फोन करून "बाबा जरा जोर लावा" म्हणतो. हार्ट कमजोर झालंय का? गोळी चार दिवस बंद करून बघू का?

उत्तर : काका, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. गोळी बंद करायची नाही, एक दिवस पण नाही. ही गोळी अचानक बंद केली की हृदय उलट जास्त जोरात धावायला लागतं आणि तुमच्यासारख्या पेशंटला त्यातून छातीत दुखणं, अगदी अटॅकसुद्धा येऊ शकतो. घड्याळाचा आकडा हिरवा करायला कुणी हे करू नये.

आता तो 115 आला कुठून ते सांगते. 220 मधून वय वजा करायचं, तुमचे 154 राहिले, त्याचे पाऊण काढले की 115. एवढाच हिशोब आहे. हे सूत्र 1970 च्या सुमाराचं, आणि ज्यांना काहीही आजार नाही, एकही गोळी नाही अशा माणसांतसुद्धा ते 10-12 ठोके सहज इकडेतिकडे होतं. आणि मेटोप्रोलॉल हा बीटा ब्लॉकर आहे, त्याचं कामच मुळी ठोके कमी ठेवणं, म्हणजे तुमचा आकडा 100 ला अडतो तो हृदय कमजोर आहे म्हणून नाही तर बहुतेक गोळी आपलं काम करतीये म्हणून. तरी पुढच्या फॉलोअपला तुमच्या कार्डिओलॉजिस्टना हे सगळं सांगा. गोळी चालू ठेवूनच स्ट्रेस टेस्ट (पट्ट्यावर चालवत काढलेला ईसीजी) केली की तुमच्यासाठी खरा टार्गेट हार्ट रेट काय ते कळतं, मग तो आकडा ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन हाताने भरायचा, बऱ्याच ॲपमध्ये तशी सोय असते.

कोचला चॅटमध्ये "मी बीटा ब्लॉकर घेतो" असं लिहून बघा, तो लगेच "हो हो, मग काळजी घ्या" म्हणेल, छान बोलेल, पण मागे हार्ट रेटचं टार्गेट काढणारा भाग वेगळा असू शकतो आणि तो तसाच 220 वजा वय करत बसलेला असतो. म्हणजे तोंडाने समजूतदार आणि हाताने जुनंच.

तोवर काय करायचं? चालताना बोलून बघा. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही एवढा दम लागला की वेग बरोबर आहे. दोन शब्दांतच धाप लागली तर कमी करा. आणि अधूनमधून थांबून गळ्याजवळ बोटं ठेवून 30 सेकंद नाडी मोजा, दुप्पट करा, कारण ही घड्याळं त्वचेतून हिरवा प्रकाश सोडून रक्ताची ये-जा बघतात आणि पट्टा सैल असला की कधीकधी नाडीऐवजी पावलांचाच ठेका पकडून बसतात. पट्टा मनगटाच्या हाडापासून जरा वर, घट्टसर. चालताना छातीत जड वाटलं, जबडा किंवा डावा हात दुखला, दरदरून घाम आला तर घड्याळाकडे बघू पण नका, बसा आणि 108 ला फोन. आणि हे उत्तर मुलाला व्हॉट्सॲपवर पाठवा, जोर लावायचं त्याच्याही डोक्यातून जाऊ दे.

प्रश्न (नाशिक) : सासूबाई 72 वर्षांच्या. ॲपमध्ये 10 हजार पावलं पूर्ण झाली नाहीत तर रात्री अकरा वाजता हॉलमध्ये सोफ्याभोवती फेऱ्या मारतात. परवा अंधारात पायपुसण्याला अडखळल्या. ऐकत नाहीत.

उत्तर : त्यांना सांगा की 10 हजार हा आकडा कुठल्या डॉक्टरने काढलेला नाही. 1965 मध्ये जपानमधल्या एका कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं, त्याच्या नावातच 10 हजार होते, आणि तिथून तो आकडा जगभर पसरला. नंतर 2019 मध्ये अमेरिकेत साडेसोळा हजारांहून जास्त वयस्कर बायकांवरचा अभ्यास आला, सरासरी वय 72, अगदी सासूबाईंच्या वयाच्या. दिवसाला 2,700 च्या आसपास चालणाऱ्यांपेक्षा 4,400 चालणाऱ्या जास्त जगल्या, फायदा साडेसात हजारांपर्यंत वाढत गेला आणि पुढे जवळपास तिथेच राहिला. अशा अभ्यासातून चालल्यामुळेच जगल्या असं छातीठोक म्हणता येत नाही, ज्या मुळात धडधाकट त्याच जास्त चालतात हे पण असतंच, पण रात्री अकराला सोफ्याभोवती फिरायची गरज नाही एवढं नक्की म्हणता येतं. ॲपमधलं टार्गेट 6 हजारवर आणून ठेवा, रात्री नऊनंतरची आठवण बंद करा. आणि ते पायपुसणं आधी उचला! या वयात खुब्याचं हाड मोडलं तर जे नुकसान होतं ते कितीही पावलांनी भरून निघत नाही.

प्रश्न (कोल्हापूर, वय 41, वजन 58) : ताई, मी एआय डाएट ॲप घेतलंय. ताटाचा फोटो काढला की कॅलरी सांगतं. पिठल्याला स्क्रॅम्बल्ड एग म्हणालं, थालीपीठाला पॅनकेक. आषाढीचा उपवास आहे म्हणून लिहिलं तरी दुपारी "ग्रिल्ड चिकन घ्या" असा मेसेज. रोज 110 ग्रॅम प्रोटीन खा म्हणतं. आणि झुम्बाला 640 कॅलरी जळाल्या असं घड्याळ दाखवतं, तर तेवढं जास्त खाल्लं तर चालेल ना?

उत्तर : आषाढीचं वाचून मी आणि आमची रिसेप्शनिस्ट दोघी हसलो.

पदार्थ ओळखायला ही ॲप हळूहळू शिकतील, भारतीय कंपन्यांची बरी पण आहेत, खरी अडचण वेगळीच आहे. फोटोत तेल दिसत नाही. मोठा चमचा तेल म्हणजे साधारण 120 कॅलरी, आणि तुमच्याकडच्या मिसळीच्या कटात ते किती हे कुठला कॅमेरा सांगणार? पिठल्यात फोडणी एका चमच्याची की तीन, हे फक्त तुम्हाला माहीत. म्हणून ॲपला फोटो देण्यापेक्षा महिन्याला घरात तेलाची किती पाकिटं संपतात ते बघा आणि घरातल्या माणसांनी भागा, यातून जास्त कळतं.

640 चं विसरा. 2017 मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांनी मनगटावरची सात यंत्रं तपासली. हार्ट रेट बहुतेकांचा ठीक निघाला, पण जळालेल्या कॅलरीत सगळ्यात अचूक यंत्र पण सरासरी 27 टक्के चुकलं आणि सगळ्यात वाईट 93 टक्के. यंत्रं तेव्हापासून सुधारलीत, पण कॅलरी आजही अंदाजच आहे. त्या भरवशावर दोन पुरणपोळ्या जास्त खाल्ल्या तर वजनकाटा तुमच्याशी भांडेल. खायची तर सणाला आनंदाने खा, झुम्बाच्या खात्यावर नको.

प्रोटीनचं म्हणाल तर आपल्याकडच्या आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेची शिफारस किलोमागे दिवसाला 0.83 ग्रॅम, म्हणजे तुमचे 48 ग्रॅमच्या आसपास. वजनं उचलत असाल तर थोडं जास्त लागेल. 110 हा आकडा जिममधल्या पोराचा वाटतो. पण खरं सांगू का, आपल्या बायका 48 पण खात नाहीत, चहा-खारी, भात-आमटी आणि उरलेलं. मटकीची उसळ, ताक, दही, अंडं चालत असेल तर अंडं, एवढं रोज व्यवस्थित झालं तरी पुष्कळ. किडनीचा त्रास असेल तर मात्र प्रोटीन आपल्या मनाने वाढवू नका.

प्रश्न (लातूर) : 2,500 रुपयांचं घड्याळ सुई न टोचता शुगर दाखवतं. वडिलांसाठी घेऊ का? इन्सुलिन घेतात.

उत्तर : अजिबात नको. त्वचा न टोचता रक्तातली साखर सांगणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आपली मान्यता नाही असं औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी 2024 मध्ये जाहीरपणे सांगितलं. आकडा खोटा आणि इन्सुलिन खरं, यात जीव जाऊ शकतो. त्या पैशांत ग्लुकोमीटर आणि भरपूर स्ट्रिप येतात. दंडावर लावायचा 14 दिवसांचा सेन्सर वेगळा, त्याची बारीक तार त्वचेखाली जाते. तो चांगला आहे, पण महाग, आणि त्यातलाही आकडा बोटातल्या रक्ताच्या काही मिनिटं मागे असतो.

प्रश्न (ऐरोली, वय 29, आयटी, यूएस शिफ्ट) : मला उठल्यावर छान वाटत असतं, मग ॲप उघडतो, स्लीप स्कोअर 58, डीप स्लीप कमी, कोच लिहितो "आज तुमची रिकव्हरी खराब आहे, जड काम टाळा", आणि मग खरंच दिवसभर थकल्यासारखं होतं. झोपताना पण आज किती पडतील हाच विचार. काय करू?

उत्तर : स्कोअर बघणं बंद कर. हे चिडून नाही, औषध म्हणून सांगतीये.

झोपेच्या पायऱ्या खऱ्या अर्थाने मेंदूच्या लहरींवरून ठरतात, त्यासाठी स्लीप लॅबमध्ये डोक्याला वायरी लावतात. घड्याळाला मेंदूचं काही कळत नाही, हाताची हालचाल आणि नाडी बघून ते अंदाज बांधतं. किती वाजता झोपलास, किती वाजता उठलास हे बऱ्यापैकी सांगतं, पण डोळे उघडे ठेवून निपचित पडून राहिलास तर त्यालाही झोप म्हणतं. त्यात तू दिवसा झोपणारा, काही घड्याळं दुपारच्या झोपेला डुलकी समजून अर्धीच मोजतात.

आणि दिवसभर थकल्यासारखं होतं ते का, तर 2014 मध्ये कोलोरॅडो कॉलेजात एक गमतीशीर प्रयोग झाला होता. मुलांना यंत्राने मोजल्याचं नाटक करून काहींना सांगितलं काल तुमची झोप उत्तम झाली, काहींना सांगितलं वाईट झाली, खरी कशी झाली त्याच्याशी संबंधच नाही. वाईट झाली असं ऐकलेल्यांनी नंतरच्या चाचण्यांत खरंच कमी मार्क मिळवले. तुझं ॲप रोज सकाळी तुझ्यावर हाच प्रयोग करतंय. झोपेच्या आकड्यांपायी झोप उडालेले पेशंट अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 2017 मध्येच नोंदवलेत, तू पहिला नाहीस.

महिनाभर घड्याळ काढून झोप. जाड पडदे लाव, शिफ्टच्या दुसऱ्या अर्ध्यात कॉफी नको, सुट्टीच्या दिवशी पण झोपेची वेळ फार हलवू नकोस, यूएस शिफ्टमध्ये यातलं शेवटचं सगळ्यात अवघड आहे हे मला माहितीये. हां, पण घोरण्याची तक्रार असेल, झोपेत श्वास अडकतोय असं घरच्यांनी सांगितलं असेल, गाडी चालवताना पेंग येत असेल तर मात्र ॲप चांगलं म्हणत असलं तरी स्लीप स्टडी करून घे.

प्रश्न (चिंचवड, वय 34, पुरुष) : उंची 172, वजन 66. ॲपमध्ये बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) 22.3, एकदम हिरवा, कोच म्हणतो तुम्ही फिट आहात. पण कंपनीच्या चेकअपमध्ये उपाशीपोटी शुगर 112 आली. कुठलं खरं?

उत्तर : रक्ताचं. आणि योगायोग बघा, पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय पण 22.3 च होता. 2004 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा शेजारी उभा राहिलेला फोटो छापून आला, युडकिनच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2. बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या आत चरबी किती दडलेली असते ते त्या एका फोटोत जगाला दिसलं. तुमच्या ॲपमधली हिरवी रेघ 25 पर्यंत असेल तर ती गोऱ्या लोकांची आहे, आपल्याकडे 23 लाच सावध व्हायचं, आणि तुमच्यासारख्यांना त्याच्याही आत.

100 ते 125 म्हणजे मधुमेहाच्या अलीकडची पायरी. एचबीए1सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) करून घ्या, उपाशीपोटीची शुगर पुन्हा तपासा. शिवणकामाची टेप घेऊन बेंबीच्या पातळीला पोट मोजा, पोट आत न ओढता. 90 सेंटिमीटरच्या वर असेल तर ती खरी बातमी. वजन कमी करण्यापेक्षा स्नायू वाढवायची तुम्हाला जास्त गरज आहे असं मला वाटतं, म्हणजे नुसतं चालणं नको, आठवड्यातून दोनतीनदा बैठका, जोर, वजनं. घरी आईवडलांना मधुमेह आहे का ते तुम्ही लिहिलं नाहीत, असेल तर हे सगळं याच महिन्यात करा.

प्रश्न (म्हापसा, गोवा) : आई 71 ची. घड्याळाने "हृदयाचे ठोके अनियमित" असा मेसेज दिला. तिला काहीच त्रास नाही. घाबरायचं की दुर्लक्ष करायचं?

उत्तर : दोन्ही नाही, ईसीजी काढायचा. ॲपलने स्टॅनफर्डबरोबर 4 लाखांहून जास्त लोकांवर याचा अभ्यास केला होता, तो 2019 मध्ये छापून आला. असा मेसेज फक्त अर्ध्या टक्क्याला गेला, आणि त्यातल्या ज्यांनी नंतर छातीवर ठोके नोंदवणारा पॅच लावला त्यांच्यापैकी 34 टक्क्यांत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे बेताल ठोके, सापडलं. उरलेल्यांना नव्हतंच असंही नाही, कारण हा प्रकार येतो-जातो, पॅचच्या वेळी नसेल. वयस्कर लोकांत तो जास्त असतो आणि त्रास न होता पण असतो, आणि त्यात हृदयात गुठळी होऊन, ती मेंदूत जाऊन पॅरालिसिसचा झटका यायची भीती, म्हणून हे सोडून द्यायचं नाही. या आठवड्यातच फिजिशियनना दाखवा. साध्या ईसीजीत काही आलं नाही तर ते होल्टर, म्हणजे दिवसभर ईसीजी नोंदवणारं यंत्र, लावतील. रक्त पातळ करायची गोळी द्यायची की नाही ते ॲपच्या कोचला विचारू नका, त्याला आईच्या जुन्या अल्सरचं किंवा पडझडीचं काही माहीत नसतं.

तोवर तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, बोलणं अडखळलं तर लगेच 108. आणि घड्याळ हार्ट अटॅक ओळखत नाही, ते गप्प आहे म्हणून छातीतलं दुखणं अंगावर काढायचं नाही. डॉक्टरांकडे जाताना घड्याळातल्या ईसीजीची पीडीएफ आधीच काढून प्रिंट न्या, आणि आईच्या गोळ्यांची चिठ्ठी. ओपीडीत बसल्यावर फोनचा पासवर्ड आठवत बसायला कुणालाच वेळ नसतो.