नीटचं दुसरं वर्ष की दगडांचा अभ्यास?

प्रश्न : मुलीला बारावी सायन्सला ७१ टक्के आहेत. नीट हुकली, आता पुन्हा बसवतो आहे. तिला मात्र आदिमानवाची दगडी अवजारं शिकायची आहेत. वावरातून गारगोटीच्या कपच्या वेचून आणते. परवा रागाने सगळ्या धुऱ्यावर फेकल्या. दगडधोंड्यांत काय शिकायचं? तिला समजवा.
– एक पालक, वरोरा तालुका

उत्तर : भाऊ, मार्कांची काळजी नाही, त्या फेकलेल्या कपच्यांची आहे. पोरीने जपलेली वस्तू न विचारता फेकलीत आणि समजवायचं तिलाच? आधी तिची माफी मागा. दोघं मिळून कपच्या वेचून आणा आणि कोणती कुठली होती, हे तिला आठवतं तोवर लिहून घेऊ द्या. मन नसताना नीटचं आणखी एक वर्ष लादू नका.

आता दगडांचं. माणसाने फोडलेली कपची ओळखू येते. घाव बसला तिथे लहानसा सपाट माथा, त्याखाली फुगवटा, त्यापुढे पसरत गेलेल्या लाटांसारख्या रेषा. ट्रॅक्टरच्या फाळानेही कपच्या उडतात, पण त्यांची खाच ताजी दिसते; जुन्या खाचेवर काळाचा थर चढलेला असतो. एका कपचीवरून कुणी निकाल देत नाही. आणि देखणी हातकुऱ्हाड, म्हणजे मुठीत धरायचं दगडी अवजार, हेच सगळं, हा मोठा गैरसमज आहे. खरी माहिती तिच्याभोवतीच्या कचऱ्यात असते. गाभा, म्हणजे ज्या दगडातून कपच्या काढल्या तो, आणि छिलके, म्हणजे त्या उडालेल्या कपच्या, एकाच जागी सापडून एकमेकांना जुळले, तर अवजार तिथेच घडवलं. छिलके नाहीतच, तर ते बहुधा तयार करून आणलं, म्हणजे पुढची गरज ओळखून माणूस सामान बाळगत होता. अर्थात, बारीक छिलके पाण्याने वाहून गेले नाहीत ना, हे आधी तपासावं लागतं. तुमच्याच जिल्ह्यातली चंद्रपूरची पापामियाँ टेकडी अश्मयुगीन अवजारांसाठी अभ्यासकांना ठाऊक आहे.

वाट अशी : भूशास्त्र घेऊन बी.एस्सी., मग पुण्याच्या डेक्कन कॉलेजात किंवा नागपूर विद्यापीठात पुरातत्त्वाचं एम.ए., पुढे प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षा. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची प्रागितिहास शाखा नागपुरातच आहे. जागा मात्र थोड्या निघतात, हे तिला स्पष्ट सांगा. म्हणूनच भूशास्त्र म्हणतो. भूजल आणि खाणींचं काम हाताशी राहतं.

आणि बेटा, यापुढे कपची उचलू नकोस, उकरू तर मुळीच नकोस. उत्खननाला परवाना लागतो. जागेवरच शेजारी पट्टी ठेवून फोटो काढ. वहीत तारीख, सर्व्हे नंबर, जवळचा नाला आणि माती काळी की मुरमाड, एवढं लिही. ती वही घेऊन बाबांसोबत नागपूर विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागात जा.