'परींची फौज' वाचताना हसू का येतं?

लातूरहून प्रश्न आला आहे : "कुमारांसाठी परींच्या महायुद्धाची कादंबरी लिहिते आहे. 'फेअरी'ला परी म्हणू, अप्सरा म्हणू की यक्षिणी? पुरुष असेल तर काय म्हणायचं? आणि 'परींची फौज' वाचताना हसू येतं, त्याचं काय करू?"

परीच म्हणा. अप्सरा आली की इंद्राचा दरबार आणि तपोभंग आलाच. तिच्या हाती तलवार शोभणार नाही. यक्षिणी कुबेराच्या गोतातली. आपल्याकडे विहिरीवर, नदीकाठी शेंदूर फासलेल्या सात दगडांच्या रूपात साती आसरा असतात. आसरा हा शब्द अप्सरेवरूनच आला, पण ही दैवतं पाण्याची आणि रागीट. कादंबरीत पाण्यात राहणारी एखादी टोळी असेल तर तिचा स्वभाव आसरांकडून घ्या. नाव मात्र घेऊ नका, त्यांची अजून पूजा होते.

हसू येतं ते गॅदरिंगमधल्या पांढऱ्या फ्रॉकमुळे. शब्द मुळात एवढा गोड नाही. 'परी' फारसीतून आली आणि तिची आजी म्हणजे अवेस्ता या पारशी धर्मग्रंथातली 'पइरिका', चक्क दुष्ट मायाविनी. (फेअरीशी तिचं नातं नाही. तो शब्द फ्रेंचमार्गे लॅटिनमधल्या नियतीवाचक 'फाता'वरून आला. उच्चार जवळचे वाटतात तो योगायोग.) औरंगाबादच्या सिराजच्या अठराव्या शतकातल्या गझलेत 'न जुनूँ रहा न परी रही' (ना वेड उरलं, ना परी) असं येतं. तिथली परी माणसाला वेड लावणारी आहे. पहिल्या प्रकरणातच परीचा असा धाक दाखवा, फ्रॉक आपोआप गळून पडेल.

आता व्याकरण. 'परींची' नव्हे, 'पऱ्यांची'. दरी-दऱ्या-दऱ्यांची, तशी परी-पऱ्या-पऱ्यांची. टाइप करताना साधा र घेतला तर 'पर्या' उमटतं, म्हणून खाली टिंब असलेला ऱ घ्या. समासात री दीर्घच ठेवा : परीकथा, परीराज्य, परीसेना. 'परिसेना' लिहिलंत तर तो परिसर-परिवारातला उपसर्ग वाटतो. वाक्याच्या सुरुवातीला एकटं 'परी' शक्यतो टाळा. ज्ञानेश्वरी कानावर असलेला वाचक त्याचा अर्थ आधी 'परंतु' असाच लावेल. 'पऱ्या'चीही एक गंमत आहे : पराग-परेशला मित्र याच नावाने हाक मारतात. 'पऱ्या आला' आणि 'पऱ्या आल्या' यांत क्रियापदच काय तो फरक करतं, तेव्हा संवादात ते गाळू नका.

पुरुषासाठी 'परा' करू नका, तो 'परका'चा तुकडा वाटतो. 'परीजाद' म्हणजे परीच्या पोटचा. हा तयार शब्द आहे आणि दखनी-उर्दू कानावर पडणाऱ्या मराठवाड्यात तो परका नाही. मूळ फारसीत तो स्त्रीलाही चालतो. तुम्ही पुरुषापुरता ठरवा आणि पुस्तकभर तोच नियम पाळा. एक खड्डा मात्र चुकवा : फारसी-उर्दूतल्या जुन्या किश्शांत पऱ्यांसमोर 'देव' उभा असतो आणि तो असतो दैत्य. मराठीत 'देव विरुद्ध पऱ्या' लिहिलंत तर वाचक देवाच्या बाजूने उभा राहील. तिथं राक्षस म्हणा.

खरी अडचण युद्धाच्या भाषेची आहे. मराठीतली लढाई जमिनीवरची आणि घोड्यावरची. पाय रोवणे, काढता पाय घेणे, पळता भुई थोडी होणे हे पंखवाल्यांना कसं लागू व्हावं? त्यांच्यासाठी घारी-ससाण्यांची क्रियापदं घ्या : घिरट्या घालणे, सूर मारणे, झडप घालणे. 'तुटून पडणे' आयतंच बसतं, इथे तर शब्दशः. सैन्याच्या सर्वांत लहान घटकाला 'थवा' म्हणा आणि त्याच्या प्रमुखाला 'थवेदार'. शब्द नवा आहे, पण ठाणेदाराच्या साच्यातला असल्याने खटकत नाही. पुढची फळी 'बिनी', मागची 'चंदावल', हे जुने शब्द जसेच्या तसे चालतील. 'छबिना' म्हणजे रात्रीची गस्त, पण तुळजापूरकडच्या वाचकाला देवीची मिरवणूकच दिसेल. तिथं सरळ 'गस्त' लिहा. किल्ल्याचंही तेच. देवगिरीचा खंदक आणि अंधारी (काळोखी भुयारी वाट) चालत येणाऱ्या शत्रूसाठी आहेत, उडणाऱ्याला त्यांची अडचण नाही. 'वेढा पडला' लिहिण्याआधी तो डोक्यावरून कसा पडला ते सांगावं लागेल.

स्कॉटिश लोककथांतले सीली आणि अनसीली हे पऱ्यांचे दोन गट वापरणार असाल तर 'चांगल्या-वाईट' असं भाषांतर नको. सीलींना दुखावलं तर त्याही सूड घेतात. 'सौम्य' आणि 'उग्र' म्हणा. एकाच देवीची दोन रूपं मानणाऱ्याला हा भेद समजावून सांगावा लागत नाही. तिकडच्या कथांत पऱ्यांना लोखंड सोसत नाही. त्यासाठी इंग्रजीत 'कोल्ड आयर्न' म्हणतात, पण 'थंड लोखंड' लिहिलंत तर वाचक गरम लोखंडाची वाट पाहील. नुसतं 'लोखंड' पुरे. बाळंतिणीच्या उशाखाली विळा ठेवलेला ज्यानं पाहिलाय, त्याला कारण विचारावं लागणार नाही.