कामिनी रॉय कोण होत्या? फक्त कवयित्री की आणखी काही?

बंगाली कवयित्री तर होत्याच, शिवाय बायकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या कार्यकर्त्याही. जन्म 12 ऑक्टोबर 1864, बाकरगंज जिल्ह्यातला (आता बांगलादेश). वडील चंडीचरण सेन न्यायाधीश आणि ब्राह्मो समाज या बंगालमधल्या सुधारणावादी पंथाच्या विचारांचे, त्यामुळे मुलीच्या शिक्षणाला घरातून आडकाठी नव्हती. 1886 मध्ये कलकत्त्याच्या बेथून कॉलेजमधून त्या संस्कृत ऑनर्स घेऊन बी.ए. झाल्या. ब्रिटिश भारतात ऑनर्ससह पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. नंतर तिथेच शिकवू लागल्या.

1889 मध्ये ‘आलो ओ छाया’ हा पहिला कवितासंग्रह आला. पण बंगाली शाळकरी पोरांनाही ठाऊक असते ती त्यांची ‘लोक काय म्हणतील’ या भीतीवरची कविता: मनात चांगला बेत येतो, पाऊल उचलतो आणि लोक बोलतील म्हणून मागे सरतो. आपल्याकडेही अगदी चपखल बसेल!

1894 मध्ये लग्न झाल्यावर लेखन जवळपास थांबलं. पुढे पती गेले, अपत्यवियोगही सोसावा लागला आणि त्या पुन्हा लिहू लागल्या.

मला मात्र त्यांचं 1921 नंतरचं काम जास्त मोलाचं वाटतं. त्या वर्षी मद्रास आणि मुंबई प्रांतांनी बायकांना मताचा हक्क दिला, पण पुढारलेल्या म्हणवणाऱ्या बंगालच्या कौन्सिलने (प्रांतिक विधिमंडळाने) तो ठराव फेटाळला. कामिनी रॉय आणि ‘बंगीय नारी समाज’ या स्त्री संघटनेतल्या त्यांच्या सहकारी हटल्या नाहीत. 1925 मध्ये बंगालमध्येही हक्क मिळाला, तोही मर्यादितच. 1922-23 मध्ये स्त्री कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या आयोगावरही त्या होत्या. 1933 मध्ये हजारीबाग इथे त्यांचं निधन झालं.