चौथी चौकट वाचायची राहिली

“माझी मुलगी बारावी सायन्सला असून दोन वर्षांपासून लातूरला खोली करून राहते. दहावीला ९६ टक्के होते. नीटच्या सराव परीक्षांत ७२० पैकी ५१२ वर अडकली आहे. ती ‘पाल आणि पालक’ नावाची कॉमिक स्ट्रिप काढून इन्स्टाग्रामवर टाकते, हे मला शाळेतल्या सहकाऱ्याकडून कळले. वही मी काढून घेतली आहे. आधी एमबीबीएस, मग हवी तेवढी चित्रे, हे तुम्ही तिला समजावून सांगावे. नागपूरच्या त्या व्यंगचित्रकारानेही आधी दातांच्या डॉक्टरचे शिक्षण घेतलेच होते. दुसरे असे की, एका क्लासने तिची पाल जाहिरातीसाठी मागितली असून त्या बदल्यात फी माफ करतो म्हणतात. सही करावी का?”
(हिंगोली जिल्ह्यातील एका शिक्षक-पालकांच्या पत्राचा सारांश)

सप्रेम नमस्कार,

सर, तुमचे तीन पानी पत्र मी दोनदा वाचले. त्यात ५१२ हा आकडा पाच ठिकाणी आला आहे आणि मुलीला स्वतःला काय हवे आहे, याबद्दल एकही वाक्य नाही. तिला डॉक्टर व्हायचे नाही, असे तुम्ही कुठे लिहिलेले नाही. तिला डॉक्टर व्हायचे आहे, असेही लिहिलेले नाही. मात्र दुसऱ्या पानाच्या तळाशी, अगदी ओझरते, “वही घेतल्यापासून फोनवर फक्त ‘हं, हं’ करते” असे एक वाक्य आहे. मला सर्वांत जास्त काळजी त्या वाक्याची वाटली. परक्या गावात कॉट बेसिसवर राहणारी, पहाटेपासून रात्रीपर्यंत क्लास आणि टेस्ट यांतच असणारी सतरा वर्षांची मुलगी दिवसातून अर्धा तास ज्या गोष्टीत श्वास घेत होती, ती गोष्ट तुम्ही कपाटात कुलूप लावून ठेवली आहे. तेव्हा मार्कांच्या आधी तिची झोप, तिचे जेवण आणि तिचे बोलणे यांची चौकशी करा. ती गप्पच राहिली, तर १४४१६ या टेलिमानसच्या सरकारी क्रमांकावर समुपदेशकाशी विनामूल्य बोलता येते, हे तिला सांगा आणि गरज वाटल्यास स्वतःही बोला.

पुरावा म्हणून तुम्ही त्या वहीच्या अकरा पानांच्या झेरॉक्स जोडल्या आहेत, त्याबद्दल मी तुमची मनापासून आभारी आहे, कारण त्या पाहिल्या नसत्या तर अभ्यास टाळणारी मुलगी असाच समज मीही करून घेतला असता. त्यांतली सातव्या पानावरची स्ट्रिप पुन्हा समोर घ्या. पहिल्या चौकटीत वडिलांचा फोन आला आहे आणि फुग्यात प्रश्न आहे, “टेस्टला किती पडले?” दुसऱ्या चौकटीत मुलगी गुडघे पोटाशी घेऊन कॉटवर बसली आहे आणि म्हणते आहे, “पाचशे बारा.” तिसऱ्या चौकटीत कोणीच बोलत नाही, मुलगी नाही, कॉट नाही, भिंतीची रेषसुद्धा नाही, फक्त मधोमध मोबाइल आणि वरच्या कोपऱ्यात पालीची शेपटी. चौथ्या चौकटीत त्या मोबाइलमधून दोनच शब्द येतात, “जेवलीस का?”, आणि पाल तोंड फिरवून ट्यूबलाइटच्या मागे निघून जाते.

तुम्ही लाल पेनाने तिसऱ्या चौकटीभोवती गोल करून शेजारी “वडिलांची टिंगल” असे लिहिले आहे. चौथ्या चौकटीवर तुमच्या पेनाची खूणच नाही. सर, ही टिंगल नाही. मार्क ऐकून वडील गप्प झाले तेव्हा त्यांना काय वाटले असेल, हे त्या मुलीने नीट ओळखले आहे आणि शेवटचा शब्द तिने तुमच्या मायेला दिला आहे. स्टाफरूममध्ये सहकाऱ्याने मोबाइल पुढे केला, चार जण हसले आणि तुम्हाला घरातली गोष्ट चव्हाट्यावर आल्यासारखे वाटले, हे मी समजू शकते. तो अपमान खरा आहे आणि घरच्या माणसांवर चित्र काढताना त्यांना आधी विचारावे, हे तिलाही शिकावे लागेल. पण त्या रागात तुम्ही स्ट्रिप पाऊणच वाचलीत, आणि तेवढ्यावरून शिक्षा दिलीत.

आता चित्रांबद्दल. तिचा हात अजून कच्चा आहे. माणसांचे पंजे तिला जमत नाहीत, म्हणून ती ते पांघरुणाखाली लपवते. मात्र रिकाम्या चौकटीत वेळ कसा थांबवायचा, हे तिला कोणी न शिकवता उमगले आहे, आणि कॉमिक स्ट्रिपमध्ये ती गोष्ट नाक-डोळे नीट काढण्यापेक्षा फार मोलाची असते. रँडल मन्रो हा भौतिकशास्त्र शिकून नासात काम केलेला अमेरिकन व्यंगचित्रकार २००५ पासून काड्यांची माणसे काढतो आहे आणि ती जगभर वाचली जातात. तुमच्या मुलीच्या पालीकडेही जवळून पाहा. बोटांखालच्या आडव्या पट्ट्या तिने एकेक करून काढल्या आहेत, आणि ज्या स्ट्रिपमध्ये टेस्टच्या धास्तीने पाल शेपूट टाकून पळते, तिच्या पुढच्या तीन स्ट्रिपमध्ये शेपटी थोडी थोडी वाढत गेलेली दिसते. जीवशास्त्र ती केवळ पाठ करत नाही, पाहतेही.

यावरून तुमच्या नागपूरच्या दाखल्याकडे येते, कारण तिथे तुमचा एक मोठा गैरसमज झाला आहे आणि तो तुमच्यासारख्या पुष्कळ पालकांचा असतो. तुम्ही ज्यांच्याविषयी लिहिले आहे ते रोहन चक्रवर्ती असणार. त्यांनी दंतवैद्यकाचे शिक्षण घेतले हे खरे आहे. चित्रकलेचे औपचारिक शिक्षण त्यांनी घेतले नाही, हेही खरे आहे. पण “आधी पदवी, मग चित्रे” हा त्या गोष्टीचा अर्थ नव्हे. २०१० साली त्यांनी ‘ग्रीन ह्यूमर’ ही वन्यजीवांवरची मालिका सुरू केली आणि २०१३ मध्ये एका मोठ्या अमेरिकन सिंडिकेटने, म्हणजे अनेक वर्तमानपत्रांना चित्रमालिका पुरवणाऱ्या संस्थेने, ती वितरणासाठी घेतली. भारतातल्या कॉमिक स्ट्रिपला असा मान मिळण्याची ती पहिली वेळ होती. त्या चित्रांत दातांचा दवाखाना दिसत नाही. दिसतात ते प्राणी, पक्षी, बेडूक, त्यांच्या सवयी आणि त्यांच्या जंगलांवर येणारी संकटे. आणि हे सारे इतक्या बारकाव्यांनिशी की बीएनएचएससारख्या निसर्ग-अभ्यासाच्या जुन्या संस्थेने त्यांचे पक्ष्यांवरचे चित्रमय पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांना उभे केले ते एका विषयाच्या वेडाने आणि वर्षानुवर्षांच्या नियमित कामाने. पदवीचे वजन म्हणून तिच्या गळ्यात हा दाखला बांधू नका. मनात नसताना पाच-साडेपाच वर्षे एखाद्या अभ्यासक्रमात काढणे ही सुरक्षितता नाही, तो तिच्या वयाचा आणि एका वैद्यकीय जागेचा अपव्यय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

व्यंगचित्रकाराला हातासोबत विषय लागतो, आणि तो कुठून येईल याचा नियम नाही. वसंत सरवटे व्यवसायाने अभियंता होते आणि सिमेंट कंपनीतली नोकरी सांभाळून त्यांनी मराठी मध्यमवर्गाची रेषांतून नोंद केली. शि. द. फडणीस मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकले आणि शब्दांवाचून हसवणारी चित्रे त्यांनी घराघरांत नेली. त्याच जे. जे.ने आर. के. लक्ष्मण यांना मात्र प्रवेश नाकारला होता. ते म्हैसूरला बी.ए. झाले आणि १९५१ पासून त्यांचा कॉमन मॅन वर्तमानपत्रात येऊ लागला. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू १९९१ मध्ये आला, तो दोघांनी मिळून घडवला. यांतल्या कोणाची वाट दुसऱ्यासारखी नाही. त्यामुळे कला महाविद्यालयासाठी राज्याची कला सीईटी, डिझाइनसाठी यूसीड किंवा एनआयडीची परीक्षा या वाटा तुम्हाला कोणत्याही क्लासचे माहितीपत्रक सांगेल; त्या जरूर पाहाव्यात, परंतु त्यांतली कोणतीही परीक्षा व्यंगचित्रकार असल्याचा शिक्का देत नाही. ॲनिमेशनचा कोर्स लावू का, असेही तुम्ही विचारले आहे. ते वेगळे काम आहे, मोठ्या चमूत दुसऱ्याच्या पात्राला हालचाल देण्याचे, आणि तुमच्या मुलीने त्याची इच्छा कुठे दाखवलेली दिसत नाही.

तिला खरोखर डॉक्टर व्हायचे असेल, तर मग भांडणच उरत नाही. इयान विल्यम्स या वेल्समधील डॉक्टरांनी २००७ मध्ये ‘ग्राफिक मेडिसिन’ हा शब्द रूढ केला. आजार, रुग्ण, दवाखाना यांबद्दल कॉमिक्समधून बोलणारे डॉक्टर, परिचारिका आणि रुग्ण आता त्या नावाखाली एकत्र येतात. ओपीडीत बसलेल्या माणसाचा चेहरा वाचणारी डॉक्टर आपल्याकडे हवीच आहे. तिला डॉक्टर व्हायचे नसेल, तर प्राणिशास्त्र, मानसशास्त्र, मराठी साहित्य, डिझाइन यांपैकी तिला ज्यात रस असेल ते मनापासून शिकू द्या. परंतु हे मी किंवा तुम्ही परस्पर ठरवू शकत नाही. म्हणून तुमच्या “तिला समजवा” या विनंतीला माझा नकार आहे. तिने स्वतः लिहावे, मी तिला स्वतंत्र उत्तर देईन, आणि ते पत्र तुम्ही आधी उघडून वाचू नये.

उत्पन्नाबद्दल तुम्ही काहीच विचारले नाही, तरी ते सांगणे माझे कर्तव्य आहे. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या व्यंगचित्रकाराचे घर केवळ स्ट्रिपवर क्वचितच चालते. वाचक ती फुकट वाचतात. पैसा येतो तो वर्तमानपत्रातल्या सदरातून, पुस्तकांतून, संस्थांनी सांगून करवून घेतलेल्या चित्रांतून, कार्यशाळांतून आणि छापील प्रतींच्या विक्रीतून, आणि तोही महिन्याच्या ठरलेल्या तारखेला येत नाही. पहिली काही वर्षे दुसरी नोकरी जोडीला ठेवावी लागते. हे तिला सांगा, पण धमकी म्हणून नको. गणित म्हणून कागदावर मांडून सांगा. तीन हजार जण तिला फॉलो करतात, ही तिच्यासाठी आनंदाची गोष्ट आहे, मिळकतीची नाही, हा फरक तिलाही कळायला हवा.

शेवटी त्या सहीचे. कृपा करून सही करू नका. तुम्ही मसुद्याची प्रत जोडली आहे, त्यात पालीचे “सर्व हक्क कायमस्वरूपी” क्लासकडे जातील असे लिहिले आहे. मुलगी अल्पवयीन असल्यामुळे तिच्या सहीचा करार कायद्याने टिकत नाही, म्हणून तो कागद तुमच्यापुढे आला आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्र कागदावर उतरले की त्याचा हक्क काढणाऱ्याचा होतो, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही, आणि तो हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी करार लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच तो दिला, असे कायदा धरतो. ‘कायमस्वरूपी’ हा एक शब्द लिहून घेतला की मुदतीचे हे संरक्षण संपते. नोकरीत असताना मालकासाठी काढलेले चित्रही वेगळा करार नसेल तर मालकाचेच ठरते. पात्राची मालकी स्वतःकडे असणे हाच स्वतंत्र व्यंगचित्रकाराचा सर्वांत मोठा ठेवा असतो. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी १९३८ मध्ये सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरला विकले, आणि पुढे त्यांचे आयुष्य कोर्टकचेऱ्यांत गेले. एका वर्षाच्या फीसाठी मुलीची पाल देऊन टाकू नका. क्लासला चित्रे हवीच असतील, तर ठरावीक चित्रे, ठरावीक मुदत, ठरावीक मोबदला आणि खाली तिचे नाव, असा साधा परवाना लिहून द्यावा, आणि तोही तिला विचारून.

परीक्षेपर्यंतचे वेळापत्रक तुम्हा दोघांना मिळून ठरवता येईल. आठवड्याला एक स्ट्रिप, रविवारी दुपारी, दोन तासांच्या आत, असे ती पाळू शकली तर अभ्यासाचे नुकसान होणार नाही. उलट नेमून दिलेल्या दिवशी काम पुरे करणे ही या व्यवसायातली पहिली शिस्त आहे आणि तिची चाचणीही त्यात होऊन जाईल. प्रकाशित केलेली स्ट्रिप काढून टाकायची की ठेवायची, हे तिला ठरवू द्या, मात्र स्टाफरूममध्ये तुम्हाला काय वाटले ते तिला मोकळेपणाने सांगा.

येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर लातूरची एसटी पकडा. वही बरोबर न्या आणि स्वतःच्या हाताने तिला परत द्या. मार्कांचा विषय त्या दिवशी काढू नका. सातवे पान उघडून चौथी चौकट तिच्या शेजारी बसून वाचा, आणि ती जेवली आहे का, हे या वेळी समोर बसून विचारा.

आपली,
करिअर मार्गदर्शक