वाचकांचे प्रश्न : परंड्याला आलेला इमाम

प्रश्न : परंड्याचा किल्ला पाहताना सोबतच्या एका जाणकारांनी सांगितले की, तेथे येऊन गेलेला शाह ताहिर हा ‘हशीश ओढून खून पाडणाऱ्या’ इराणी पंथाचा इमाम होता. हे खरे आहे काय? त्या पंथाचा आपल्या बाजारपेठेतील बोहरी समाजाशी काही संबंध आहे काय? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : शाह ताहिर त्या पंथाचा होता हे खरे; हशीशची गोष्ट मात्र त्या पंथावर झालेला मोठा अन्याय आहे. या निजारी इस्माइली शियांना ‘हशीशी’ म्हणत ते त्यांचे विरोधक, आणि तेही शिवी म्हणून. निजारींनी राजकीय खून केले, हे नाकारण्याचे कारण नाही. सेल्जूक वजीर निजाम-उल-मुल्क १०९२ मध्ये त्यांच्याच फिदाईच्या (पंथासाठी जिवावर उदार होणाऱ्या मारेकऱ्याच्या) हातून मारला गेला, असे बहुतेक इतिहासकार मानतात. परंतु अशा फिदाईंना नशा देऊन नंदनवनासारख्या बागेत नेण्याची जी कथा मार्को पोलोने जगभर पोहोचवली, ती त्याने स्वतः पाहिलेली असणे शक्यच नाही, कारण १२५६ मध्ये मंगोलांनी अलमूत हा निजारींचा इराणमधील मुख्य किल्ला घेतला तेव्हा तो दोन वर्षांचा होता.

त्याच वेळी अलमूत प्रत्यक्ष पाहणारा इतिहासकार जुवैनी हा तर या पंथाचा कडवा शत्रू. तरीही त्याने बागेचा उल्लेखही केलेला नाही. त्याने लिहिले ते आपल्या गडांवरच्या टाक्यांसारख्या, खडकात खोदलेल्या कोठारांविषयी, आणि त्यांपैकी मधाच्या टाक्यात खोलीचा अंदाज न आल्याने बुडालेल्या एका माणसाविषयी. हसन सब्बाहने १०९० मध्ये मिळवलेल्या या किल्ल्यात मोठा ग्रंथसंग्रह होता. जुवैनीने त्यातून कुराणाच्या प्रती, काही निवडक ग्रंथ आणि खगोलाची उपकरणे बाजूला काढली व पंथाचे उरलेले ग्रंथ जाळून टाकले. पंथाची बाजू आज इतकी तुटपुंजी उरली, याचे दुःख वाटल्यावाचून राहत नाही. नसीरुद्दीन तूसीसारखा गणिती अनेक वर्षे याच निजारींच्या आश्रयाला होता, हेही विसरता कामा नये.

बोहरींविषयी थोडक्यात सांगायचे तर, १०९४ मध्ये इजिप्तचा फातिमी खलिफा मुस्तनसिर वारल्यावर निजार या थोरल्या मुलाचा पक्ष घेणारे ते निजारी (आजचे आगाखानी खोजे), आणि धाकट्या मुस्तालीला मानणारे ते बोहरींचे पूर्वसूरी. मूळ एकच असले तरी हे दोन पंथ नऊशे वर्षांपासून वेगळे आहेत.

शाह ताहिर हा निजारींच्या मुहम्मदशाही शाखेचा इमाम. इराणमध्ये सफवी शाह इस्माईलचा रोष ओढवल्यामुळे तो १५२० मध्ये हिंदुस्थानात आला, विजापूरच्या आदिलशाहीत त्याचा जम बसला नाही, आणि पुढे परंड्यास निजामशाही सरदारांशी गाठ पडून १५२२ च्या सुमारास अहमदनगरच्या दरबारात त्याचा प्रवेश झाला. त्याच्याच प्रभावाने बुऱ्हाण निजामशाहने १५३७ मध्ये शिया पंथ स्वीकारला. मात्र दरबारात जाहीर झाला तो बारा इमामांना मानणारा, इस्माइलींहून वेगळा शिया पंथ होता, शाह ताहिरच्या घराण्याचा नव्हे.