पाकिटापेक्षा ताटाकडे लक्ष द्या

तुम्ही लिहिलंय की मासे, मटण आणि अंडी तिन्ही सोडली. घर रत्नागिरीचं, नोकरी पुण्यात. आणि पाकिटांवर छापलेले अमुक अमुक घटक-नंबर म्हणजे आत प्राणिज माल, असं सांगणारी कुणीतरी पाठवलेली यादी वाचल्यापासून बिस्किटाचा पुडा फोडायचीही धास्ती वाटते. ती यादी जुनी आहे हो, दर काही वर्षांनी नव्याने फिरते. एखादा नंबर खरा, बरेचसे अर्धे खरे, बाकी उगाच. बिस्किटं खुशाल खा. पाकिटबंद वस्तूंपुरतं तुमचं बरंचसं काम भारतात कायद्यानेच करून ठेवलंय. घोळ होतो तो पाकिटाबाहेर.

आधी यादीचा निकाल लावू. चिप्सवर आणि इन्स्टंट नूडल्सच्या मसाल्यावर ६२७, ६३१ असं दिसतं. हे चव वाढवणारे पदार्थ. ६३१ मांसापासून किंवा माशांपासून काढतात, तसंच स्टार्च आंबवूनही बनवतात, आणि नंबर दोन्हीला एकच. ४७१ चंही (तेल आणि पाणी एकजीव ठेवणारा घटक) तेच: पामतेलातून येतं, चरबीतूनही येतं. त्यामुळे नुसता नंबर वाचून काही कळत नाही, पाकिटावरचा शाकाहाराचा हिरवा ठिपका बघावा लागतो. हिरवा ठिपका असेल तर आतला ६३१ प्राणिज असता कामा नये, मग तो चिमूटभर का असेना. डिसेंबर २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयासमोर नेमका हाच ६३१ चा मुद्दा आला होता. प्रमाण कितीही कमी असो, घटक वनस्पतीपासूनचा, प्राण्यापासूनचा की प्रयोगशाळेतला, हे कंपनीने उघड सांगितलं पाहिजे, असा आदेश तेव्हा झाला. कंपनीने खोटा ठिपका छापला तर, असं विचाराल. तुमच्या-माझ्या घरात काही प्रयोगशाळा नाही. तेवढा विश्वास मी ठेवतो.

यादीतला बिनशर्त खरा नंबर १२०. हा लालसर-गुलाबी रंग निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनील किड्यांपासूनच बनतो, त्याला वनस्पतीचा पर्याय त्याच नंबराखाली नसतो. पेरू देशात त्याचं मोठं उत्पादन आहे. परदेशी स्ट्रॉबेरी योगर्ट, गोळ्या, लाल सरबतं यांच्यावर तो शोधा.

ठिपक्याच्या नियमातच एक फट आहे, ती मात्र यादी पाठवणाऱ्यांना सहसा माहीत नसते. मांसाहाराच्या व्याख्येतून दूध आणि दुधाचे पदार्थ तर वगळले आहेतच, पण मध, मधमाशांचं मेण आणि लाखसुद्धा वगळली आहे. म्हणजे चकचकीत रंगीत चॉकलेट-गोळ्यांवर ९०४ असेल, तर ती लाखेच्या किड्याच्या स्रावाची झिलई आहे आणि तरीही ठिपका हिरवाच. मी मध खातो आणि लाखेपायी झोप घालवत नाही. तुम्ही मांसाहार कशासाठी सोडला त्यावर तुमचं उत्तर ठरेल, पण ते एकदा ठरवून टाका. दर दुकानात नव्याने वाद नको. आणि मांसाहाराची खूण आता तपकिरी चौकटीत त्रिकोण अशी आहे. पूर्वी तिथेही गोल होता आणि रंग न ओळखू येणाऱ्यांची पंचाईत व्हायची.

आता ताटाकडे येऊ. कोकणातल्या घरात सगळ्यात मोठा छुपा घटक म्हणजे जवळा आणि सुकट, म्हणजे सुकवलेली बारीक कोळंबी-मासळी. वांग्यात, दोडक्यात, फणसाच्या आठळ्यांत चवीपुरती मूठभर पडते, आणि आजी मनापासून सांगते, "अरे, मासा कुठाय त्यात, भाजीच आहे." ती खोटं बोलत नसते. तिच्या हिशेबात मासा म्हणजे सुरमई, पापलेट. दुसरं, तळणीचं तेल. बोंबील तळलेलं तेल गाळून डब्यात जातं आणि दुसऱ्या दिवशी फोडणीला येतं. याच्यावर भांडू नका. एक छोटी कढई आणि तेलाची बाटली वेगळी ठेवायला सांगा, एवढं कुठलीही आई ऐकते. गोव्यात गेलात तर व्हेज बालशांव समोर आलं तरी मसाल्याची चौकशी करा, त्यात सुकी कोळंबी घालायची पद्धत आहे. तिथल्या बेबिंका या थरांच्या गोड पदार्थात अंड्याचे बलक भरपूर असतात.

हॉटेलात "व्हेज आहे ना?" हा प्रश्न निरुपयोगी. वेटर "हो" म्हणतो, कारण तुकडे नाहीत. नेमकं विचारा: सूपचं पाणी कशाचं? नूडल्समध्ये ऑयस्टर सॉस (कालवांचा) घालता का? नानच्या पिठात अंडं आहे का? थाई करीच्या तयार पेस्टमध्ये बहुधा कोळंबीची पेस्ट असते आणि वर फिश सॉस पडतो. किमची या कोरियन लोणच्यातही बहुधा मासळी असते. सीझर सॅलडचं ड्रेसिंग आणि वूस्टरशायर सॉस या दोन्हींत अँकोव्ही नावाचे छोटे मासे. मशरूमपासून केलेला शाकाहारी ऑयस्टर सॉस मिळतो, चांगली हॉटेलं तो वापरतात. पण विचारल्याशिवाय कळत नाही.

चीजबद्दल तुम्ही वेगळं विचारलंय. दूध फाडायला लागणारं रेनेट पूर्वी वासराच्या जठरातून काढत, आता सूक्ष्मजीवांपासूनचं सर्रास वापरतात. हिरव्या ठिपक्याचं चीज निःशंक घ्या. पनीर लिंबाने किंवा सायट्रिक ॲसिडने फाडतात, तिथे प्रश्नच नाही. अस्सल पार्मिजानो रेज्जानो हे इटालियन चीज मात्र नियमानेच वासराच्या रेनेटचं असतं. महागड्या इटालियन हॉटेलात पास्त्यावर ते किसतात आणि मेनूवर पास्ता "व्हेज" असतो.

बेकरीतल्या सुट्या मालावर ठिपका नसतो. मावा केकमध्ये अंडं असतं, पॅटिसला वरून चकाकी येण्यासाठी अंड्याचा हात फिरवलेला असू शकतो. काजूकतलीच्या वर्खाची भीती आता पूर्वीइतकी नको. जुन्या पद्धतीत चांदी गुरांच्या आतड्याच्या थरांमध्ये ठेवून कुटत, २०१६ च्या नियमांनी वर्ख बनवताना प्राणिज साहित्य वापरायला बंदी केली. तरी ओळखीचं दुकान नसेल तर मी बिनवर्खाचीच घेतो.

मावशीने दुबईहून आणलेल्या गोळ्या आणि मार्शमेलो ही वेगळीच जात. त्यांच्यावर आपला ठिपका नसतो आणि हलालची खूण म्हणजे शाकाहार नव्हे, त्यात गाईचं जिलेटिन (हाडा-कातड्यापासून काढलेला, जेली घट्ट करणारा पदार्थ) चालतं. घरी जेली करायची असेल तर चायना ग्रास आणा, ते समुद्री शेवाळाचं. अमेरिकेला बदली झालीच तर ओळखीच्या ब्रँडवरही भारतातल्या सवयीने विसंबू नका. मॅकडोनाल्ड्सच्या तिथल्या फ्राइजमध्ये गोमांसाचा स्वाद असल्यावरून २००१ मध्ये हिंदू शाकाहाऱ्यांनी खटला भरला आणि २००२ मध्ये कंपनीने १ कोटी डॉलरवर तडजोड केली. भारतातल्या फ्राइज वेगळ्या, त्या शाकाहारी आहेत.

औषधांवर हिरवा ठिपका सक्तीचा नाही. कॅप्सूलचं कवच बहुतेक वेळा जिलेटिनचं असतं, आणि ड-३ जीवनसत्त्व सहसा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून येतं. डॉक्टरांना तुमचा आहार सांगा आणि गोळी किंवा सिरप चालेल का विचारा, पण चालू औषध स्वतःहून बंद करू नका. मासे आणि अंडी एकदम सुटली आहेत, तेव्हा त्याच भेटीत बी-१२ ची रक्ततपासणीही करून घ्या. दही-ताक रोज असलं तरी काहींचं कमी निघतं.